नत्थूचा धक्का

पटात जोडी धरायला नत्थू शेंडेच पाहिजे, हे लाखनीच्या आसपासच्या गावांत कुणीही सांगेल. बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात. छकडा हाकणाऱ्याचं नाव होतं, बैलांच्या मालकाला बक्षीस मिळतं. पण झेंडी पडेपर्यंत फुरफुरणारी जोडी छातीनं थोपवून धरायची आणि झेंडी पडताच बाजूला होऊन पुठ्ठ्यावर असा धक्का हाणायचा की बैल उधळलेच पाहिजेत, हे काम नत्थूचं. धक्क्याबरोबर तो एक "हुर्रर्र" ठोकायचा, ती आरोळी थेट बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पारीपलीकडे ऐकू जायची. पन्नाशी उलटली तरी त्याच्या हाताला मागणी होती आणि त्याच्या मिशीला पीळ होता.

यंदा उन्हं तापायला लागली आणि पटाच्याच मैदानावर ग्लायडरची स्पर्धा भरली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पुढचं एक लहान विमान त्याला दोरानं ओढत वर नेऊन सोडतं, मग ते तापलेल्या हवेवर घारीसारखं तरंगत लांबचा फेरा मारून येतं. सगळ्यांत आधी जो फेरा पुरा करील, त्या दिवसाचा तो पहिला. आता हे ग्लायडर उभं असतं एकाच चाकावर, आणि पंख तर घरापेक्षा लांब. वेग येईपर्यंत कुणाला तरी पंखाचं टोक हातात धरून बरोबर धावावं लागतं. मैदानाची सगळी व्यवस्था भंडाऱ्याच्या धर्मेंद्रकडे होती. त्यानं नत्थूला पटात पाहिलेलं होतं. "नत्थूभाऊ, तुमचंच काम हाय हे," तो म्हणाला. झालं, नत्थूच्या मिशीला आणखी एक पीळ बसला.

आणि पहिल्याच दिवशी त्यानं घोळ घातला. पुण्याहून आलेल्या उर्वशीचं ग्लायडर होतं. दोर ताणला, चाक हललं, नत्थू धावला, आणि जन्माची सवय हातात आली. "हुर्रर्र!" करून त्यानं पंखाला मनापासून धक्का हाणला. ग्लायडरचं तोंड फिरलं, पलीकडचा पंख जमिनीला घासला. उर्वशीनं झटकन दोर सोडला म्हणून निभावलं, ग्लायडर तिरपं होऊन गवतात थांबलं. मोडलं काही नाही, पण तिला पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागलं आणि त्या दिवशी ती सगळ्यांत मागं राहिली.

बघायला जमलेलं गाव पोट धरून हसलं. धर्मेंद्र मात्र लालबुंद झाला. "बैल होय का हे, भाऊ? आता तुम्ही फक्त गाई हाकला मैदानातून."

नत्थूनं गाई हाकल्या. दिवसभर मान वर केली नाही. ज्या मैदानावर त्याच्या हाताला लोक टाळ्या देत, तिथंच तो हात नको झाला, हे त्याला फार लागलं. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "कला, मले तो पंख एकदा नीट सोडायचा हाय. एकदाच."

कलाबाई हसली नाही. तिनं सायकल बाहेर काढली, कॅरिअरवर एक लांब बांबू आडवा बांधला आणि रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेनं सायकल ढकलत चालू लागली. बांबूचं टोक धरून नत्थू सोबत. त्यानं जरा ढकललं की सायकल वाकडी, आणि कलाबाई बांधावर.

"तुमचा हात अजून बैलाच्या पुठ्ठ्यावरच हाय!" ती कंबर चोळत ओरडली. "पोरगी सासरी गेली तवा तिच्या गाडीले धक्का देल्ला व्हता का? उगं हात उघडून उभेच राहिले ना? तसं सोडा."

नत्थूला ते बरोबर आठवलं. त्या दिवशी हात उघडा ठेवणं किती जड गेलं होतं, तेही आठवलं. मग हळूहळू सायकल सरळ जायला लागली.

शेवटच्या दिवशी आडवा वारा सुटला होता. उर्वशीच्या पंखाजवळचा माणूस खड्ड्यात पाय मुरगळून बसला. धर्मेंद्र दुसरा माणूस शोधत असताना आतून उर्वशी म्हणाली, "त्या काकांना बोलवा."

"मॅडम, ते पुन्हा ढकलून देतील!"

"काल संध्याकाळी त्यांना बांबू सोडताना पाहिलंय मी. काका, धरता ना?"

नत्थूनं गाई हाकायची काठी खाली टाकली. त्यानं टोक धरलं. दोर ताणला. गाव पुढच्या हशाची तयारी करून उभं होतं. चाक हललं, तो धावला, वारा पंखाला ओढत होता, पण पंख सरळ राहिला. घशापर्यंत आलेली आरोळी त्यानं गिळली. पंख आपोआप हलका झाला तसा त्यानं हात उघडला. बस्स, उघडला. ग्लायडर सुतासारखं सरळ गेलं आणि जमीन सोडून वर उठलं. नत्थूचा हात तसाच हवेत राहिला. कुणी हसलं नाही.

दुपार कलल्यावर आभाळात एकच पांढरा ठिपका दिसला. सगळ्यांत आधी उर्वशी परतली होती. चाक टेकलं, ग्लायडर मैदानाच्या पार टोकाला जाऊन थांबलं आणि एक पंख अलगद जमिनीला लागला. टाळ्या, शिट्ट्या, एकच गलका. उर्वशीनं काच उघडली आणि गर्दीत नजर फिरवली.

"काका, कुठं आहात? इंजिन नाही याला, जागेवर हातानंच न्यावं लागणार. या, आता ढकला!"

नत्थूनं धोतर खोचलं. धर्मेंद्रनं स्वतः बाजूला सरून त्याला जागा दिली. कलाबाई कडेनं ओरडली, "ढकला आता, कितीबी ढकला!"

आणि सकाळपासून गिळून ठेवलेली ती आरोळी नत्थूनं अशी ठोकली, की बोडीवरचे बगळे उठले.