दौलतरावांच्या जिनिंगचा फोन

पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात कामरगावपलीकडच्या त्या बाजाराच्या गावाला ऑटोमॅटिक एक्सचेंज मिळालं आणि देवमनच्या हाताला उसंत राहिली नाही. टेलिफोन खात्यात तो मेकॅनिक होता. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या त्या घरातला पहिला पगारी माणूस. त्याला शिकवलं होतं थोरल्या बहिणीनं, लिलाबाईनं, दौलतरावांच्या जिनिंगमधे, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडून.

जुना फोन म्हणजे लाकडी पेटी. पोटात स्वतःचे सेल, बाजूला दांडी. दांडी फिरवली की कारंज्याची ऑपरेटर बोलायची. नव्या फोनला ना सेल, ना दांडी. रिसीव्हर उचलला की एक्सचेंजमधल्या मोठ्या बॅटरीतून करंट यायचा, तेव्हा कुठे तो जिवंत व्हायचा. अकोल्याच्या साहेबांच्या हुकमावरून देवमननं दुकानादुकानातल्या पेट्या उतरवल्या, एकेक तार एक्सचेंजमधल्या नव्या पट्टीवर बांधली, प्रत्येक फोनला नंबर दिला. जिनिंगमधे फोन लावला त्या दिवशी त्यानं लिलाबाईला हाक मारून रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"कोन घरघर करून राह्यलं?"

"कोनी नाई, बाई. मशीन म्हनते, मी जागी हाय."

"जागीच राह्य म्हना," असं म्हणून ती हसत कापसाकडे गेली.

मार्चात वादळ झालं. विजेचे खांब शेतात आडवे पडले. बॅटरी चार्ज व्हायची ती विजेवरच. देवमननं कारंज्याला सांगितलं, जनरेटर पाठवा. पाठवतो, म्हणाले. बॅटरी उतरत गेली आणि एका दुपारी एक्सचेंजमधली टकटक थांबली. गावातले सगळे फोन एकदम मेले.

जिनिंग मात्र चालू होतं. वीज नाही म्हणून दौलतरावांनी ऑइल इंजिन लावलं होतं. त्याची ठिणगी कापसाच्या गंजीवर पडली.

जिनिंगचा मुनीम पुंजाजी धापा टाकत एक्सचेंजमधे शिरला. "देवमन, आग लागली! फोन काहून लागत नाई?"

"आत कोन हाये?"

पुंजाजीनं खाली पाहिलं. "कापूस निवडनारी सोजरबाई... अन् तुही बहीन."

देवमन दारापर्यंत गेला. धूर तिथून दिसत होता. पण कारंज्याचा बंब आल्याशिवाय ती आग विझणार नव्हती, आणि कारंज्याला निरोप देऊ शकणारा गावात तो एकटाच होता. तो मागे फिरला. कोपऱ्यातून एक जुनी पेटी ओढली. आतले सेल फुगून फुटलेले.

"पुंजाजी, धाव! दुकानातून टॉर्चचे सेल आन!"

सेल आले. देवमननं कारंज्याच्या तारा पट्टीवरून उपसून पेटीला बांधल्या आणि दांडी फिरवली. पुन्हा फिरवली. शेवटी पलीकडून बाईचा आवाज आला, "कोण? तुमचं तर मशीन झालं ना?"

"बंब पाठवा, ताई! जिनिंग जळून राह्यलं!"

मग तो धावला. पोचला तोवर गोदामाचं छप्पर खाली बसलं होतं. सोजरबाईला लोकांनी ओढून काढलं होतं. भाजलेले हात छातीशी धरून ती सांगत होती, "लय वेळ हाका मारल्या तिनं. तुह्यंच नाव घेत होती."

बंब आला तेव्हा नुसत्या भिंती उरल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी लिलाबाईचा नवरा उकंडराव देवमनच्या ओट्यावर येऊन बसला. 

"फोन चालू असता तं?"

"बंब लवकर आला असता, भाऊजी."

"अन् तू पयले पळत आला असता तं?"

 उकंडराव उठला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि गेला. पंधरवड्यात तो जऊळक्याला भावाकडे राहायला गेला.

अकोल्याचे साहेब आले, प्रसंगावधान दाखवलं म्हणून त्यांनी चारचौघांत देवमनची पाठ थोपटली. पावसाळ्याआधी जिनिंग पुन्हा उभं राहिलं. फोन बसवायला देवमनच गेला. कापसापाशी नव्या बाया होत्या. त्याला पाहून त्या बोलायच्या थांबल्या. त्यानं तार जोडली, घरघर ऐकली आणि रिसीव्हर ठेवून दिला.

नंतर रजा काढून तो जऊळक्याला गेला. उकंडराव अंगणात दोर वळत होता.

"जय भीम, भाऊजी."

"जय भीम," उकंडराव म्हणाला. ‘बस’ असं मात्र म्हणाला नाही, दोर वळत राहिला. देवमन परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच उभा होता.