खांबाबाहेरचा बॉल

आमचे व्याही टॉमराव हरल्यावर कधीही ‘हरलो’ म्हणायचे नाहीत. त्यांच्या क्लबानं सपाटून मार खाल्लेला असायचा, पोरं चिखलात गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत असायची, आणि हे काठी टेकत मैदानात जाऊन एकेकाच्या पाठीवर थाप मारायचे. म्हणायचे, “आपण हरलो नाही. वेळ संपली.” मी त्यांना सांगायचो, टॉमराव, तुमच्या क्लबाची वेळ शिट्टी वाजायच्या आधीच संपलेली असते. त्यावर ते हसायचे. टोमणा मारल्यावर समोरचा हसला की मारणाऱ्याचीच पंचाईत होते. त्यांनी माझी अशी पंचाईत फार वेळा केली.

मी चौथी शिकलेला माणूस. साताऱ्याकडच्या खेड्यातून निघालो तो लंडनजवळ हाउन्सलोला येऊन थांबलो, आणि विमानतळाच्या मालगोदामात पेट्या चढवून म्हातारा झालो. इंग्रजी तिथंच शिकलो, त्यामुळं त्यात हुकूम आणि शिव्याच जास्त. माझी मुलगी सुनी हिनं केव्हिन नावाचा आयरिश पोरगा पसंत केला आणि त्याचा बाप म्हणून हे टॉमराव आमच्या नशिबी आले. त्यांनी जन्मभर लंडनचे रस्ते खणून त्यात पाइप घातले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सुनी मला बाबा म्हणते हे ऐकून तेही मला बाबा म्हणायला लागले, आणि वयानं माझ्याहून मोठे. व्याह्यानं बाबा म्हणायचं, ही तऱ्हा आमच्या गावात कुणी ऐकली नसेल. मी त्यांना राव लावला. फिट्टंफाट.

लग्नात मी मुहूर्तासाठी अडून बसलो होतो. भाड्याचा हॉल, जेवण तयार, त्यांच्या बाजूची सगळी मंडळी भुकेली, आणि भटजीचं घड्याळ म्हणत होतं अजून वेळ आहे. हॉलवाला गयावया करत होता, केव्हिन घामेजला होता. मी म्हटलं, मुहूर्ताआधी अंतरपाट हलणार नाही. नाही हलला. टॉमराव कोपऱ्यातल्या खुर्चीवरून माझ्याकडे एकटक बघत होते. मला वाटलं, रागावलेत. रागावू देत, म्हटलं, वरपक्षानं रागवायचंच असतं.

पुढच्या मार्चमध्ये त्यांचं बोलावणं आलं. रविवारी क्लबाची पहिली मॅच आहे, बाबांनी यावं. व्याह्याचं रीतसर बोलावणं, म्हणून मी सूट घातला, टाय बांधला, आमच्या मंडळींनी, म्हणजे सुनीच्या आईनं, केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला. मैदान विमानांच्या वाटेखाली. वारा असा की डोळ्यांतून पाणी काढील. टॉमरावांनी लाडू घेतले, माझा हात हातात धरला, मला गोलाच्या खांबापाशी नेलं, आणि अंगावर खाटकाचा असावा तसा पांढरा कोट चढवला. हातात दोन झेंड्या दिल्या, एक हिरवी, एक पांढरी. म्हणाले, “इथं उभं राहायचं.” आणि स्वतः लंगडत बाजूच्या रेषेवर निघून गेले.

पाऊस सुरू झाला. व्याह्याला आवतण देऊन आणावं आणि गाडीच्या गार्डासारखं झेंड्या देऊन पावसात उभं करावं. घरी येऊन मी सांगून टाकलं, त्या माणसाचं तोंड बघणार नाही.

सुनी म्हणाली, “बाबा, ते ऑनर आहे. तो कोट टॉम कोणाला देत नाही. इतकी वर्षं तो स्वतः स्टँड करायचा तिथे, आता त्याचे गुडघे गेले म्हणून.”

“मान असा पावसात देतात?”

“त्यांच्यात पाऊसच असतो ना, ते काय करणार?”

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. न गेलो तर पावसाला भ्यालो असं झालं असतं. जाताच टॉमरावांना सरळ विचारलं, तुमच्यात माणसं नव्हती का? ते म्हणाले, “माणसं आहेत, पण ती हलतात. तुम्ही लग्नात सगळ्या हॉलला उपाशी ठेवलंत, तेव्हाच मी ठरवलं. हा माणूस खांबापाशी पाहिजे.”

आता या खेळाबद्दल सांगतो. याला गेलिक फुटबॉल म्हणतात. यात फुटबॉल हातानं धरतात. धरून पळतात, चार पावलं झाली की जमिनीवर आपटतात, नाहीतर स्वतःच्याच पायावर उडवून पुन्हा कवेत घेतात, जसं काही रडकं पोर सांभाळायला दिलंय. खांब उंच, मधे आडवा दांडा, खाली जाळी. दांड्याखालून बॉल गेला तर गोल, त्याचे तीन गुण, हिरवी झेंडी. दांड्यावरून गेला तर एक गुण, पांढरी झेंडी. म्हणजे नेम चुकून वर गेला तरी मार्क. आम्हाला असा मास्तर मिळाला असता तर मी पाचवीत गेलो असतो. बॉल खांबांच्या बाहेरून गेला तर मात्र काही नाही. मग खांबाशी उभ्या असलेल्या माणसानं डोक्यावर दोन्ही हात आडवे धरायचे. वाईड. हे एकच त्यातलं मला पटलं.

बघायला कोण, तर खेळाडूंच्या बायका, दोन ओली कुत्री आणि पाय दुखणारे म्हातारे. मधल्या वेळेत पांढऱ्या पावाचे हॅम घातलेले सँडविच आणि कपाचा तळ दिसेल असा चहा. हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात मी हे सांगितलं, तर तिथला एक पुण्याचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, “काका, पण याला फ्यूचर काय आहे?” मी म्हटलं, तुझ्या व्हिसाला आहे तेवढंच. टॉमरावांच्या क्लबाला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन. चिखलात मी उभा राहतो.

क्लब खरोखरच मरायला टेकला होता. त्या वर्षांत आयर्लंडात पैसा आला होता, बांधकामं तिकडेच निघाली होती, आणि पोरं भराभर घरी परतत होती. ज्या विमानतळावर मी पेट्या चढवल्या तिथूनच टॉमरावांचे खेळाडू उडून जायचे. मैदानात पंधरा जण लागतात. शनिवारभर हे फोन घेऊन बसायचे. मी विचारायचो, “किती जमले?” उत्तर ठरलेलं. “देव आणि एम-ट्वेंटीफाइव्हचा रस्ता पाठवतील तितके.” एकदा एका पोराला कंबरेच्या पट्ट्यासकट खेळवलं. माझा जावई केव्हिन, त्याचं पोट सुनीच्या हातच्या जेवणानं पुढं आलेलं, तोही दर रविवारी पळायचा. पळायचा म्हणजे निघायचा तरी.

हंगामभर हेच. एप्रिलमध्ये हरले, मे महिन्यात एक जिंकले ते समोरच्यांचे कमी आले म्हणून, आणि उन्हाळाभर वेळ संपत राहिली. सप्टेंबरात शेवटची मॅच उरली. टॉमराव त्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे आले, चहा समोर ठेवून कपाकडे बघत बसले. मी म्हटलं, काय, फोनवरची पोरं संपली का?

ते म्हणाले, “बाबा, ही हरलो तर आपण खालच्या वर्गात जातो. मग उरलेली चांगली पोरंही सोडून जातील आणि शेजारचा क्लब आपल्याला गिळेल. बरोबरी झाली तरी वाचतो.”

“मग गिळू दे. पोटात दुखेल त्यांच्या.”

हसले नाहीत. म्हणाले, “मी इथं आलो तेव्हा मला पहिला पलंग या क्लबानं दिला. माझ्या बायकोला खांदा याच शर्टातल्या पोरांनी दिला.”

 मंडळींनी त्यांना बरोबर चकल्या बांधून दिल्या.

शेवटच्या मॅचला ऊन होतं. ती पोरं त्या दिवशी खेळली, हे कबूल करायला पाहिजे. अगदी शेवटी आम्ही एका गुणानं मागं होतो. आम्ही म्हणजे ते. बॉल केव्हिनकडे आला. त्यानं दोन पोरं अंगावर घेतली, पडता पडता लाथ मारली, आणि बॉल उंच, उन्हात, माझ्या खांबाच्या दिशेनं आला. पार खांबाच्या टोकाच्या वरून. आमच्या बाजूचे सगळे ओरडले. केव्हिननं पडल्या पडल्या हात वर केले. सुनी रेषेवरून धावत सुटली होती.

रेफरीनं माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्या खांबाशी समोरच्या क्लबाचा माणूस होता, त्यानं खांदे उडवले. खांब माझा होता. पांढरी झेंडी पायापाशी पडलेली. उचलायची, एवढंच काम. मी खाली उभा राहून वर बघत होतो, माझ्या डोळ्यांसमोर तो खांबाच्या बाहेरून गेला होता. फार नाही. हाताच्या तळव्याएवढा. पण बाहेरून. मी डोक्यावर हात आडवे धरले.

मैदानात इतकं शांत झालं की विमान ऐकू आलं.

टॉमराव काठी टेकत माझ्यापर्यंत आले. “बाबा, तो आत होता.”

“बाहेर होता.”

“मी रेषेवरून पाहिला.”

“मी खांबाखालून पाहिला. तुम्हीच उभं केलंत.”

ते माझ्याकडे लग्नात बघितलं होतं तसंच बघत राहिले. मग मैदानात गेले आणि पोरांच्या पाठीवर थापा मारू लागले. त्या दिवशी ‘वेळ संपली’ हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून आलं नाही.

गाडीत सुनी म्हणाली, “एक फ्लॅग उचलला असता तर काय झालं असतं, बाबा? तुमचा जावई होता.” मी म्हटलं, जावयाला धोंड्याच्या महिन्यात मान देतो, तो वेगळा. केव्हिन गाडी चालवत होता. तो फक्त म्हणाला, “लीव्ह इट, सुनी.”

त्या दिवाळीला टॉमराव आले नाहीत. मीही फोन केला नाही. व्याह्यानं रुसायचं तर खुशाल रुसावं, आमच्याकडे ती रीतच आहे. मंडळींनी चकल्यांचा एक डबा बाजूला काढून ठेवला होता. तो तसाच राहिला, शेवटी मऊ पडला. मी त्यातल्या खाल्ल्या नाहीत.

मार्च उजाडला आणि एका सकाळी दार वाजलं. बाहेर टॉमराव. हातात तो पांढरा कोट, धुऊन इस्त्री केलेला, हँगरवर.

“तो आत होता,” ते म्हणाले.

“बाहेर होता. चहा घेणार?”

“घेणार. रविवारी मॅच आहे.”

खालच्या वर्गात क्लब एकच हंगाम जगला. मग शेजारच्या क्लबानं गिळला, शर्टाचा रंग गेला, नावही गेलं. टॉमरावांनी मला त्यावरून एका शब्दानं बोल लावला नाही. पण तो बॉल काही खाली आला नाही. नातवाच्या बारशाला, नाताळच्या जेवणाला, मंडळींच्या आजारपणात विचारपूस करायला आले तेव्हाही, कोट काढायच्या आधी पहिलं वाक्य तेच, आत होता. आणि माझं उत्तर तेच. लोक म्हातारपणी हवापाण्याचं बोलतात, आम्ही हे बोलायचो. एकदा त्यांनी बटाट्याचा खांब आणि वाटाण्याचा बॉल करून माझ्या ताटात सिद्ध करून दाखवलं. मी वाटाणा खाऊन टाकला.

मग ते हॉस्पिटलात पडले. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरनं केव्हिनला बाजूला घेऊन सांगितलं, आता काही दिवसच. केव्हिन भिंतीला टेकून उभा राहिला. सुनीनं माझी बाही धरली. “बाबा, प्लीज. आज तरी आत होता म्हणा. तुमचं काय जाणार आहे?”

मी आत गेलो. माणूस पांढऱ्या चादरीखाली निम्मा झालेला. मला बघून म्हणाले, “बसा. सकाळपासून सगळे माझ्याशी गोड बोलतायत. पाद्री गोड, नर्स गोड. केव्हिनही ‘डॅड, यू वर ऑलवेज राइट’ म्हणाला. मला हे लक्षण चांगलं दिसत नाही.” मग बराच वेळ श्वास गोळा केला. “बाबा. आता दोघंच आहोत. तो बॉल.”

माझ्याकडे बघत राहिले. इतकं रोखून त्यांनी मॅचसुद्धा कधी बघितली नसेल.

मी खुर्चीवरून उठलो. दोन्ही हात वर केले आणि डोक्यावर आडवे धरले.

त्यांचा चेहरा सैल पडला. हसले, खोकले, पुन्हा हसले. “मग ठीक,” म्हणाले. “तुम्ही आत म्हणाला असतात तर मी समजलो असतो, वेळ संपली. अजून बराच वेळ आहे म्हणायचा.” आणि डोळे मिटून झोपले, अगदी निवांत.

बाहेर सुनीनं विचारलं, “म्हणालात?” मी म्हटलं, “बाहेर होता म्हणालो.” ती रागानं रडायला लागली आणि फ्युनरलपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिला मी काही समजावलं नाही. तिला काय वाटायचं ते वाटू दे. त्या खोलीत टॉमरावांना पाहिजे होता तसा हट्टी माणूस एकच गेला होता, आणि तो हलला नाही.