थंडोबांची ऊब

फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस आधी फ्रिजचं दार उघडेल, अशी आपली समजूत असते. थंडोबा दाराकडे बघतही नसत. ते थेट फ्रिजच्या मागे जात, पिशवी खाली ठेवत, उजव्या हाताची बोटं उलटी करून मागच्या काळ्या जाळीला लावत आणि डोळे मिटून क्षणभर थांबत. जाळी गरम लागली की चेहरा खुलायचा. मग घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवून त्याचाही हात तिथे टेकवत आणि म्हणत, "लागतंय ना गरम? ही तुमच्या दुधाची ऊब."

ज्याला घाई असे तो "हो का" म्हणून सुटका करून घेई. ज्याने "म्हणजे?" विचारलं, त्याची अर्ध्या तासाची निश्चिंती. थंडी नावाची वस्तूच या जगात नाही, हे थंडोबांचं लाडकं वाक्य. जी काही वस्तू आहे ती ऊब. ती असते किंवा निघून जाते. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली ऊब उचलून मागच्या दाराने बाहेर टाकतो. "ऊब आपल्या पायाने फक्त गरमाकडून गाराकडे जाते," ते सांगत. "तिला उलटं न्यायचं तर मशीन लागतं. मशीन म्हटलं की ते बिघडणार. म्हणून तर आमच्या घरी चूल पेटते." आणि निघताना दारातून शेवटचा दम: "सारखं सारखं उघडून बघत जाऊ नका. आत काय ठेवलंय ते पाठ करा."

एकतीस वर्षं त्यांनी हाच धंदा केला, फ्रिजचा आणि एसीचा. थंडोबा हे नाव गल्लीतल्या कुण्या चहाटळाने ठेवलं आणि ते चिकटलं. माणूस मात्र नावाच्या अगदी उलट. स्वस्थ बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नाला गेले तरी मांडवातल्या पंख्याचा आवाज ऐकून त्यांचे हात शिवशिवत. अंगाने तर ते भट्टीच होते. ऐन थंडीत पांघरूण लाथाडून झोपायचे आणि त्यांच्या बायकोचे हातपाय बारा महिने गार. दिवे मालवले की ती आपली पावलं गुपचूप त्यांच्या पोटरीला लावायची आणि ते दचकून ओरडायचे, "अगं, माझी सगळी ऊब ओढून घेशील." ती म्हणायची, "तुमचाच नियम आहे. गरमाकडून गाराकडे." ते कुरकुरत राहायचे. पाय मात्र त्यांनी कधी मागे घेतला नाही.

हा नियम त्यांच्या लेकीला वयाच्या सहाव्या वर्षापासून पाठ होता. चहा फार गरम असला की ते कप पाण्याच्या वाटीत ठेवत आणि तिला दोन्हीकडे बोट बुडवायला लावत. चहा निवायचा, पाणी कोमट व्हायचं. एकदा तिने विचारलं होतं, "दोघं सारखे झाले की मग काय होतं?"

"मग देणंघेणं संपलं. मग काही जात नाही, काही येत नाही. दोघं नुसते शेजारी बसतात."

लहान मुलीला हे फार आवडलं. कितीतरी दिवस ती कोमट चहा पिताना म्हणायची, "बसले शेजारी."

तीच लेक आता बाळंत झाली. तीन आठवडे आधी, आणि ऑपरेशन करून. मुलगी झाली, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल चांगलं आहे, फक्त अंगावर चरबी नाही, तेव्हा हिला गारठू द्यायचं नाही. थंडोबांनी मान डोलावली. त्यांना काय सांगायचं? घोटभर चहा पातेलंभर चहापेक्षा लवकर निवतो, हे त्यांनी जन्मभर लोकांना समजावलं होतं.

दवाखाना छोटा होता. बाळंतिणींच्या खोलीत चार खाटा, प्रत्येक खाटेशेजारी बाळाचा पाळणा, आणि भिंतीवर एक म्हातारा एसी. जावई दोन दिवस शिंकत होता, म्हणून सिस्टरांनी त्याला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. काचेतून बघायची तेवढी मुभा. आजीबाई, म्हणजे थंडोबांची बायको, घरी स्वयंपाकाला गेल्या होत्या. थंडोबा कोपऱ्यातल्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून होते, म्हणजे बसायचा प्रयत्न करत होते.

दुसऱ्या दिवशीची दुपार. बाहेर ऊन रणरणत होतं. एसी खडखडत होता आणि वारा मात्र फुंकर मारावी तेवढाच. लेकीच्या कपाळावर केस चिकटले होते. ती झोपेत कण्हत होती. लेकीला घाम यावा आणि डोक्यावर एसी असावा, हे थंडोबांना सहन होईना. जित्याची खोड, दुसरं काय. त्यांनी स्टूल भिंतीला लावलं, वर चढले, एसीचं झाकण उघडलं. जाळीवर धुळीचा थर गोधडीएवढा. जाळ्या त्यांनी नळाखाली धुतल्या, आतल्या पात्या पिशवीतल्या जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडल्या, खडखडणाऱ्या झडपेत औषधाच्या खोक्याची पुठ्ठ्याची पट्टी घडी करून खोचली. पुन्हा चालू केला तेव्हा आवाज नाही आणि वारा असा की समोरचा पडदा हलला. बाकीच्या तिघी बाळंतिणींनी सुटकेचा श्वास सोडला. एक तर म्हणाली, "काका, घरी पण याल का?"

थंडोबा हसले आणि जाता जाता झडप हाताने वळवली, बरोबर कोपऱ्यातल्या खाटेवर. जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या गार केल्या, एकदा आपल्या लेकीची करू. लेक पाचच मिनिटांत शांत झोपली. मग ते जावयाला घेऊन खाली चहाला गेले, तिथे त्याला एसी कसा सुधारला ते पहिल्यापासून सांगितलं, आणि दीड तासाने छाती फुगवून वर आले.

पाळण्यापाशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. आडव्या बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या बाई. एका हातात थर्मामीटर, दुसरा हात बाळाच्या पावलांवर.

"पस्तीस आठ," त्या म्हणाल्या. "साडेछत्तीसच्या खाली जायला नको होतं. दूध ओढत नाहीये, रडतही नाहीये." मग त्यांनी वर बघितलं. "या एसीला हात कुणी लावला?"

खाटांवरच्या तिघींच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. थंडोबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

सिस्टरांनी आधी एसी बंद केला, मग त्यांच्याकडे वळल्या. "नऊ महिने आईच्या पोटात उबेत राहिलेलं लेकरू, तेही नऊ पुरे नाहीत. आणि तुम्ही त्याच्या अंगावर वारा सोडलात. तुम्हाला यातलं काही कळतं का?"

कळत होतं, हेच तर दुखणं होतं. वारा अंगावरून गेला की ऊब उचलून नेतो, हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणाला कळत नसेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. थंडोबांनी बाळाच्या पावलाला बोटं उलटी करून लावली, सवयीने. पाऊल गार होतं. एकतीस वर्षांत गार लागणाऱ्या वस्तूची त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली.

डॉक्टरीणबाई आल्या. खोली उबदार ठेवा, म्हणाल्या. दवाखान्यात बाळांना ऊब देणारी दोन मशीनं होती, दोन्हींत हिच्याहून लहान बाळं. आईने छातीशी धरलं असतं, पण घामेजल्या अंगावर वारा बसून तिलाच हुडहुडी भरलेली. जावई शिंकतोय. "तासाभरात तापमान वर आलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल," बाई म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला गाडीतून नेणं मला आवडणार नाही. घरातलं कुणी आहे का, निरोगी, छातीशी धरून बसेल असं?"

सिस्टरांनी थंडोबांचा हात पकडला, क्षणभर धरला आणि सोडला. "हे बरे गरम आहेत," त्या म्हणाल्या. "शर्ट काढा. बनियनही. साबणाने हात धुवा, कोपरापर्यंत. दोनदा."

भोकाचं बनियन चार बायकांच्या देखत काढताना थंडोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाटांमध्ये पडदा ओढला गेला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ते खुर्चीत मागे रेलून बसले. सिस्टरांनी बाळाला टोपी घातली, लंगोट सोडून बाकीचं काढलं आणि पांढऱ्या केसांच्या त्या छातीवर उभंच टेकवलं, बेडकासारखे पाय मुडपून. वरून दोन पांघरुणं. गार पावलं पोटाला टेकली आणि थंडोबा दचकले. हा स्पर्श ओळखीचा होता. रोज रात्री पोटरीला होणारा, फक्त अंगठ्याएवढ्या पावलांचा.

आता त्यांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. ना पाना, ना गेज, ना ब्रश. मशीन म्हणून ते स्वतःच खुर्चीत बसवलेले. ऊब जातेय की नाही? गेली तर दिसत नाही, वाजत नाही. नियम खरा आहे ना? लोकांना इतकी वर्षं ठणकावून सांगितलेला नियम आज पहिल्यांदा खरा ठरायला हवा होता आणि त्यांना शंका येऊ लागली. दहा मिनिटांनी त्यांनी पांघरुणाची कड उचलून आत डोकावलं. पुन्हा पाच मिनिटांनी उचलली.

"अहो," सिस्टर म्हणाल्या, "सारखं सारखं उघडून बघू नका. उघडलं की ऊब जाते."

थंडोबांनी कड सोडली. स्वतःचंच वाक्य परक्याच्या तोंडून ऐकण्याची त्यांच्यावर ही पहिलीच पाळी.

तेवढ्यात आजीबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. पडद्याआड पाऊल टाकलं आणि समोर नवरा उघडाबंब, गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेला, कपाळावर घामाच्या धारा. सिस्टरांनी दोन वाक्यांत झालेलं सांगितलं. आजीबाईंनी नातीला हात लावायला पुढे केलेला आपला गार हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला.

"माझ्यामुळे झालं," थंडोबा हळूच म्हणाले. "झडप मीच वळवली."

"माहितेय."

"हिला काही झालं तर..."

"तीस वर्षं माझे पाय ऊन करताय," आजीबाई म्हणाल्या. "एका एवढ्याशा पोरीला पुरे पडाल. बसा गप." आणि सिस्टरांकडे वळून, "भट्टी आहे हो ती. निर्धास्त राहा."

तास झाला. सिस्टरांनी पांघरुणात हात घालून थर्मामीटर लावलं. छत्तीस तीन. डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या, चढतंय, अर्धा तास अजून देऊ. हा अर्धा तास थंडोबांना गेल्या एकतीस वर्षांहून लांब वाटला. पाठ अवघडली, डावा पाय झोपी गेला, नाकाला खाज सुटली. त्यांनी काहीही हलवलं नाही. मग छातीवर काहीतरी चुळबुळलं. बाळाने तोंड उघडलं, थंडोबांच्या छातीवरचे केस चाचपले, हवं ते सापडलं नाही, आणि मांजराच्या पिलासारखा बारीक पण चिडका सूर लावला.

सिस्टर पहिल्यांदाच हसल्या. "रडली. भूक लागली तिला." थर्मामीटर बघून त्यांनी ते डॉक्टरीणबाईंना दाखवलं. छत्तीस आठ. "नाही हलवायचं कुठे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. थंडोबांच्या डोळ्यांना धार लागली आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आजीबाईंनी पदराने पुसले.

लेकीची हुडहुडी एव्हाना गेली होती. बाळाला पाजून होईतो ती थकून गेली होती, म्हणून सिस्टरांनी बाळ पुन्हा आजोबांच्याच छातीवर ठेवलं. पोट भरलेलं ते लेकरू झोपलं. त्याची पावलं पोटाला लागत होती आणि गार लागत नव्हती, गरमही लागत नव्हती. कुठे पाऊल संपतं आणि कुठे पोट सुरू होतं, ते थंडोबांना कळेना. संध्याकाळ होत आली. सिस्टर म्हणाल्या, "आता गुंडाळून आईजवळ दिली तरी चालेल. तुम्ही शर्ट घाला, जेवून घ्या."

"असू दे थोडा वेळ," थंडोबा म्हणाले.

लेक खाटेवरून त्यांच्याकडे बघत होती. "बाबा, ती आता तुमच्याएवढीच गरम झाली ना?"

"झाली."

"मग तुमच्या नियमाने आता तुमच्याकडून तिला काही जात नसेल."

"नाही जात," ते म्हणाले.

"मग?"

थंडोबांनी पांघरुणाची कड न उचलता हनुवटी टोपीवर टेकवली.

"मग काय," ते म्हणाले. "बसलोय शेजारी."