पानिपतचे कान

एका मुलाच्या कानाच्या पाळ्या बघून मी त्याला मराठी ठरवलं होतं. ठरवून गप्प बसले असते तर ती मी कसली! सेक्टरातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि तिळगुळाबरोबर ती बातमीही वाटली.

तेव्हा आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. हे मिनिस्ट्रीत, मी जवळच्या शाळेत बारावीला जीवशास्त्र शिकवत असे. जनुकांची लिपी हा माझा हुकमी धडा. फळ्यावर चार अक्षरं लिहायची, त्यांचे तीन-तीन अक्षरी चौसष्ट शब्द पाडायचे, आणि मग खडू हवेत धरून म्हणायचं, "बच्चों, मूँग का दाना हो, मच्छर हो या तुम्हारे प्रिंसिपल साहब, सबकी लिपी एक!" पोरं हसायची. मी हसू ओसरेपर्यंत थांबायचे, नाटकातल्या बाईसारखी. मग आवाज खाली आणून सांगायचे, की सगळे जीव एकाच मुळातून आलेत; नकलेवर नकला होत गेल्या, नकलेत चुका होत गेल्या, आणि त्या चुकांपायीच आपण आज बाकावर बसलोय. स्वतःच्याच आवाजानं माझ्या अंगावर काटा यायचा. इतकी भंपक बाई मी पुन्हा पाहिली नाही, आणि पाहिलेल्या कमी नाहीत.

अशात एका संध्याकाळी माझ्या मुलीनं सांगितलं, की तिला तिच्या ऑफिसातल्या मुलाशी लग्न करायचंय. मुलगा पानिपतचा. घरी सतरंज्या आणि खेस, म्हणजे जाड चादरी, विणायचा कारखाना. त्यावर आमच्या विदुषी, म्हणजे मीच, काय बोलल्या?

"अगं, आपलं रक्त कुठलं, त्यांचं कुठलं!"

रक्त! आईबापांकडून काय येतं आणि कशातून येतं, हे सकाळी पहिल्या तासाला चाळीस पोरांना घोकून घेतलेल्या बाईच्या तोंडी संध्याकाळी रक्त!

मुलगी म्हणाली, "आई, करणार तर त्याच्याशीच. पण मला घरातून करायचंय गं. कोर्टात चोरासारखं नाही."

ह्यांची हरकत नव्हती. अडचण वन्संची होती. सासूबाई गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द ह्यांच्या या मोठ्या बहिणीचा. त्या पुण्यात. त्यांनी फोनवर एका वाक्यात निकाल दिला, "मराठी नसलेला जावई आपल्यात आजवर आलेला नाही, येणार नाही." त्यांनी पाठ फिरवली असती तर हे मांडवात उभे राहिले नसते, हे पोरीला ठाऊक होतं. तिचं जेवण सुटलं.

मग मुलगा चहाला आला. गोरा, घारा, आणि कानाच्या पाळ्या गालाला थेट चिकटलेल्या. अगदी माझ्या वडिलांसारख्या! तसल्या पाळ्या आईबाप दोघांकडून याव्या लागतात, असं आमच्या पुस्तकात चित्रासकट छापलं होतं. आता म्हणे तेही इतकं सोपं नसतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं.

त्याचं कारण ऐका. दिल्लीतल्या मराठी माणसाला पानिपत म्हटलं की सतरंजी आठवत नाही, सतराशे एकसष्ट आठवतं. आमचं मंडळ दर संक्रांतीला बस करून तिथं जायचं, रणभूमीवर डोळे पुसायचं आणि येताना स्वस्तात चादरी घेऊन यायचं. लढाईनंतर काही मराठे तिकडेच राहिले, त्यांचे वंशज अजून त्या भागात शेती करतात, असं बसमध्ये दरवर्षी कुणीतरी सांगायचंच. झालं! हा त्यांच्यातलाच. "तुमची मंडळी मूळची कुठली?" एवढा एक प्रश्न त्या मुलाला विचारायचा होता. नाही विचारला; पोरीलाही यातलं काही कळू दिलं नाही. विचारतात ती साधी माणसं. माझ्यासमोर पुरावा चहा पीत बसला होता.

बरं, हिशेब येत नव्हता असंही नाही. सव्वादोनशे वर्षं म्हणजे नऊ पिढ्या, म्हणजे नवव्या पायरीवर पाचशे बारा पूर्वज. त्यातला एक भालाईत मी पसंत केला आणि उरलेल्या पाचशे अकरांना बिनपगारी रजेवर पाठवलं. त्या भालाइताचंही काही या मुलापर्यंत पोचलं असेलच असं नाही. दर पिढीला निम्मं गळतं, कधी सगळंच गळून जातं. हेही मीच शिकवत होते, बरं का. परीक्षेत पाच मार्कांना यायचं.

"मुलगा आपलाच आहे हो," हळदीकुंकवात मी जाहीर केलं, "फक्त परत यायला सव्वादोनशे वर्षं लागली!"

बायका गहिवरल्या. एक म्हणाली, "तरीच! चेहऱ्यावर काय तेज आहे!" तिनं त्याचा फोटोसुद्धा पाहिलेला नव्हता.

वन्संना फोन केला. त्यांनी सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "आपलाच म्हणतेस? मग मी येते बघायला."

आल्या. ओटीचा नारळ पुण्याहून घेऊन आल्या, जणू हरयाणात नारळ बघून लोक पळतात. आम्ही चौघं गाडीनं पानिपतला गेलो. कारखान्याच्या मागे घर, भिंतीपलीकडे मागांची खटखट. मुलाचे आईवडील अदबीनं पुढे आले. कोपऱ्यातल्या पलंगावर त्याची आजी, पाय पोटाशी घेऊन बसलेली. मी बसल्या बसल्या एकेकाचे कान तपासायला लागले. आजीचे ओढणीखाली होते, म्हणून जरा वाकून बघितलं.

"कान क्या देख रही हो, बहनजी?" आजी म्हणाली. "घोड़ी लेने आई हो तो दाँत देखो."

सगळे हसले. मीही हसले आणि विजयी सुरात विचारलं, "माताजी, आपका खानदान तो लड़ाई के टाइम से यहीं होगा?"

"कौन सी लड़ाई?"

"सत्रह सौ इकसठ की."

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय. "हम तो सैंतालीस में आए, बेटा. मुल्तान से. घर, खड्डी, सब उधर छोड़ के."

खड्डी म्हणजे हातमाग. भिंतीपलीकडचे माग थांबले नव्हते, पण मला ऐकू येईनासे झाले. वन्संनी कप खाली ठेवला आणि मराठीत, म्हणजे आपल्या मते गुप्तपणे, विचारलं, "म्हणजे हे आपले नव्हेत?"

मुलाला तोवर मराठी चांगलं समजायला लागलं होतं. तो जमिनीकडे बघू लागला. माझ्या मुलीनं समोशाची बशी बाजूला सारली आणि पर्स हातात घेतली. रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी घाबरले. घाबरले की मी शिकवायला लागते. "देखिए," मी सुरू झाले, "मूँग का दाना हो, मच्छर हो, या आप लोग…"

"मच्छर किसको बोला?" मुलाचे वडील.

"नहीं नहीं, मैं भी मच्छर! हम सब…"

ह्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हा कुठे माझी लिपी संपली. मी वन्संकडे वळले. "वन्सं, मी मूर्खपणा केला. याच्या कानाच्या पाळ्या बघून मी याला इथं राहिलेल्या मराठा भालाइताचा वंशज ठरवलं; कानांवरून तसलं काही कळत नाही. हे मुलतानचे आहेत, मराठी नाहीत, कधीच नव्हते. मुलगा चांगला आहे. पोरीला तो हवाय. आणि मलाही हवाय."

बारावीला इतकी वर्षं शिकवून माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड बोलणं.

"क्या बोल रही है?" आजीनं नातवाला विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. मराठे, भालाईत, कान, काही गाळलं नाही. आजीनं ऐकता ऐकता ओढणी मागे सारून स्वतःचा कान चाचपून पाहिला. पाळी चांगली सुटी, लोंबती, त्यात सोन्याची बाळी.

वन्सं अजून पिशवीशी चाळा करत होत्या. शेवटी त्यांनी नारळ बाहेर काढला.

"एवढं ओझं पुण्याहून आणलंय," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "परत न्यायला माझ्या हातात जोर नाही." आणि तो मुलाच्या हातात ठेवून दिला.

मुलीच्या हातातली पर्स खाली आली. मी पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजीनं हात वर करून मला थांबवलं.

"लड़की हमें पसंद है, बहनजी. आपको भी निभा लेंगे."