पोचवणारे साडू

अकोल्याहून जो माणूस बाहेरगावी गेला आणि आमच्या साडूंनी त्याला पोचवून दिलं नाही, तो माणूस अकोल्याहून गेलाच नाही असं खुशाल समजावं. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, त्यांचं कुलर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान आहे. आता अकोल्यात मे महिन्यात कुलर बंद पडलेला माणूस कोणत्या अवस्थेत दुकानाची पायरी चढतो, हे विदर्भाबाहेर सांगून कोणाला कळायचं नाही. असं घामानं निथळणारं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, मोटर उघडी टाकून, साडू शांतपणे उठायचे. "बसा तुमी. पानी प्या. पाहुण्याले गाडीत बसवून येतो." पाहुणा कोणाचा, तर शेजारच्या टेलरच्या मेव्हण्याचा. ओळख कधीची, तर सकाळची. गिऱ्हाईकं चिडायची, पण दुसरीकडे जायची नाहीत. कारण कधीतरी त्यांनाही गावाला जायचं असायचं आणि तेव्हा साडू लागायचे.

पोचवण्याची त्यांची एक रीत होती आणि त्या रीतीत काडीचा बदल चालायचा नाही. गाडीच्या दीड तास आधी निघायचं. सामान जाणाऱ्यानं उचलायचं नाही. नवरदेवानं स्वतःच्याच डोक्यावर अक्षता टाकाव्या तसं ते त्यांना वाटायचं. बस स्टँडात शिरली की हा बासष्ट वर्षांचा माणूस तिच्या बरोबरीनं पळायचा आणि खांद्यावरचा पांढरा दुपट्टा खिडकीतून बरोबर डाव्या बाजूच्या तिसऱ्या सीटवर टाकायचा. डावीच का, तर "उजव्या अंगाले ऊन लागते". एकदा त्या सीटवर कोणा गुरुजींची टोपी आधीच पडलेली होती. साडूंनी टोपी उचलली, झटकली आणि आदरानं गुरुजींच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, टोपी डोक्याले शोभते, सीटले नाही." मग आत चढून पाहुण्याला बसवायचं, ड्रायव्हरला "जरा पाहून चालोजा, लेकुरवाळी बाई आहे" असं बजावायचं, कंडक्टरला मूर्तिजापूरला चहा पाजायची आठवण करून द्यायची. हे सगळं होईपर्यंत बस सुटायची. असे ते किमान चार वेळा मूर्तिजापूरला पोचले आहेत आणि मिळेल त्या ट्रकनं परत आले आहेत. दुकानात गिऱ्हाईक तसंच बसलेलं.

मी एकदा वैतागून विचारलं, "साडूभाऊ, बसमध्ये बसवलं ना? मग उन्हात कशाला उभं राहायचं?" मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "जानाऱ्यानं मांगं वयून पायलं तं कोनी उभं दिसलं पायजे, साडूभाऊ. मानूस वयून पायतोच. तवा कोनी नसलं तं त्याच्या जिवाले कसं वाटन?" मागे वळून पाहणाऱ्याला कोणीतरी उभं दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. गाडी दिसेनाशी होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

फक्त ताईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, त्यांनी आयुष्यात कधी धड पोचवलं नाही. ताईंचं माहेर मोर्शीचं. माहेरी निघाल्या की साडू रीतीप्रमाणे दुपट्टा टाकायचे, ताईंना बसवायचे, आणि शेजारी जरा टेकायचे ते मोर्शी येईपर्यंत. ताई चिडून सांगायच्या, "माय वं, ह्या मानसानं मले जल्मात एकदाबी एकटं जाऊ नाही देल्लं. माहेरी चार गोष्टी बोलाव म्हटलं तं हे समोर संत्री सोलत बसले!"

दोन वर्षांपूर्वी त्याच ताई एकट्या गेल्या. चार दिवसांचं दुखणं झालं आणि संपलं. स्मशानातून सगळी मंडळी परतली, आंघोळी उरकल्या, आणि मग लक्षात आलं की साडू नाहीत. मी आणि त्यांचा पुतण्या परत गेलो, तर हा माणूस तिथेच उभा, खांद्यावर दुपट्टा. मी हात धरला, तर म्हणाले, "अजून दिसून राह्यलं नं." ते धुराकडे पाहत होते. आम्हीही मग उभे राहिलो. दुसरं काय करणार?

त्यानंतर त्यांचा रोज संध्याकाळी सातला आमच्या घरी, अमरावतीला, फोन यायचा. विचारपूस नाही, काही नाही, एकच प्रश्न, "कोनी जानारं-येनारं आहे काय तिकडून?" कोणी नसलं की ते आपले उगीच स्टँडवर जायचे आणि अनोळखी बायाबापड्यांसाठी जागा धरायचे. पुतण्या म्हणाला, "काका, लोकं हासतात." ते म्हणाले, "हासू दे. बसतात तं आपल्याच जागेवर."

त्यांची एकुलती एक मुलगी इटलीत, व्हेनिसला नोकरीला आहे. तिकडे जायचं ठरलं होतं आम्हा चौघांचं. ताई गेल्यावर साडू नको म्हणत होते, पण मुलीनं हट्ट धरला, माझ्या बायकोनं तिची री ओढली, आणि मागच्या शरद ऋतूत आम्ही तिघं गेलो. मुलगी गुणाची. दोन खोल्यांत तिनं आम्हाला पंधरा दिवस तळहातावर ठेवलं. साडूंनी तिच्यासाठी मुगवड्या, ज्वारीचे पापड आणि तिखट आणलं होतं, सगळं सुतळीनं आवळून. तिथल्या गल्ल्यांतून मोटार जात नाही. पावलोपावली पायऱ्यांचे पूल. चाकाच्या बॅगा ओढणारे गोरे लोक प्रत्येक पुलाशी रडकुंडीला येतात. साडूंना चाकाच्या बॅगेचा पहिल्यापासून राग. ते ती डोक्यावर घ्यायचे आणि ताठ मानेनं पूल चढायचे. "पाहा साडूभाऊ, चाकं काय कामाची? डोकं कवाबी कामाचं." एका म्हाताऱ्या मडमेची बॅग त्यांनी तिला न विचारता उचलली, तेव्हा ती 'चोर चोर' करायच्या बेतात होती. पुलापलीकडे पोचल्यावर तिनं यांचा गालगुच्चा घेतला. माझी बायको दोन दिवस त्यावरून त्यांना चिडवत होती.

असा दिवस मजेत जायचा. पण संध्याकाळी मुलगी कामावरून आली की ते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, ती फोनवर बोलत असली तरी. परतीचा दिवस जवळ आला तसे ते गप्प होत गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळी येशीन नं गाडीपर्यंत?" गाडी म्हणजे टॅक्सी, आणि टॅक्सी म्हणजे होडी. तिथे विमानतळावर जायला दहा जण मिळून पाण्यावरची टॅक्सी करतात. मी उभा जन्म पाटबंधारे खात्यात काढला, पण पाण्याचा असा उपयोग कधी सुचला नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, सकाळी माझी मीटिंग आहे हो. जमलं तर धावत येते. नक्की नाही हं." आता 'जमलं तर येते' याचा अर्थ मला कळला, माझ्या बायकोला कळला. साडूंनी त्यातलं 'येते' तेवढं उचललं.

सकाळी तिनं दारातच सगळ्यांना नमस्कार केला, बापाच्या गळ्यात पडून रडली आणि कामावर पळाली. आम्ही धक्क्यावर पोचलो ते, अर्थातच, दीड तास आधी. होडी वळणावरून येताना दिसली मात्र, साडूंनी डोक्यावरची बॅग खाली ठेवली, धक्क्याच्या कडेनं धावत सुटले आणि खिडकीतून दुपट्टा फेकला! वारा होता. दुपट्टा आत बसलेल्या एका सुटाबुटातल्या आजोबांच्या डोक्यावर पसरला. आजोबा हबकले. माझी बायको तोंड फिरवून हसायला लागली. साडू आत गेले, हात जोडले, दुपट्टा उचलून शेजारच्या रिकाम्या जागेवर नीट अंथरला. मग होडीवाल्याशी सामानावरून झटापट. तो म्हणे मी ठेवतो, हे म्हणत, "अबे, तू चालो नं तुही गाडी!" आम्हाला दोघांना बसवलं, बायकोला वारा लागतो म्हणून खिडकी लावली, होडीवाल्याला वऱ्हाडीत ताकीद दिली, "बाईले पान्याचा भेव वाटते, हळू चालोजा." त्यानं मान हलवली.

आणि साडू खाली उतरून धक्क्यावर उभे राहिले.

"अहो, भाऊजी खालीच राहिले की!" बायको ओरडली. होडीवाल्यानं दोरी सोडली होती, हातभर पाणी मध्ये आलं होतं. मी काच सरकवून बोंबललो, "साडूभाऊ! चढा! तुम्हालाही यायचंय!" अख्खी होडी हसली. मीसुद्धा पोट धरून हसलो. म्हटलं, झालं, जन्मभराची सवय, हा माणूस आम्हालाच पोचवायला निघाला! होडी परत धक्क्याला लागली तरी ते चढेनात. ते आमच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मागच्या पुलावर होती. "दोन मिंट थांबा," ते म्हणाले. "पोट्टी येऊन राह्यली. तिच्यासाठी जागा धरली नं मी. इमानापर्यंत येईन ती."

माझं हसू तिथेच मेलं. बायको हळूच म्हणाली, "भाऊजी, ती मीटिंगला गेली." "हाव, पन येतो म्हने." दोन मिनिटांची पाच झाली. लोक घड्याळं बघायला लागले. सगळ्यांचीच विमानं होती. शेवटी होडीवाला उतरला आणि त्यानं साडूंना दंडाला धरून, अगदी मायेनं, आत आणून बसवलं. एक दांडगा प्रवासी उभा होता, त्याला साडूंनी दुपट्ट्याची जागा दिली नाही. "मानूस आहे," म्हणाले. तो बिचारा सामानाला टेकून उभा राहिला.

होडी निघाली. साडू पार मागे जाऊन उभे राहिले. माणूस वळून पाहतोच. मीही पाहिलं. पुलावर कोणीतरी कुत्र्याला फिरवत होतं, एक जण फोनवर बोलत होता, आणि धक्का रिकामा होता. वळण आलं, मग नुसतं पाणी. त्या पाण्यावर ते बराच वेळ नजर लावून होते. मग येऊन त्यांनी दुपट्टा उचलला, घडी केली, दांडग्याला खुणेनं म्हणाले, बस. मला म्हणाले, "कामात असन. तिकडे लई काम राह्यते." मी आपला पाणी किती खोल असेल याबद्दल काहीतरी बरळलो.

विमानतळावर मुलीचा फोन आला. रडत होती. साडूच तिची समजूत घालत होते. "अवं, रडतं कावून? मी जागा धरली होती तुही. म्हंजे तू आलीच होती समज."

नागपूरला उतरलो आणि अकोल्याची सहा जणांची टॅक्सी केली. वाटेत आधी आमची अमरावती लागते. रहाटगावच्या नाक्यावर टॅक्सी थांबली. भर दुपार, ऊन, दीड दिवसाचा प्रवास, माझी कंबर धरलेली. साडूंनी खाली उतरून आमच्या बॅगा काढून दिल्या, गल्लीपर्यंत आणून द्यायला निघाले, पण ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मग ते आत बसले आणि आम्हाला म्हणाले, "नीट जाजा." आम्ही घरी आलो होतो, जाणार ते होते. पण हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही. "बरं बरं, पोचले की फोन करा," म्हटलं, बॅगा उचलल्या आणि गल्लीत वळलो.

फाटकाची कडी काढताना एकदम लख्ख आठवलं. बॅग तिथेच टाकली आणि या वयात जितकं पळता येईल तितका पळत परत नाक्यावर आलो. टॅक्सी नव्हती. कडुलिंबाखाली पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस ऑटोची वाट बघत उभा होता. त्याला विचारलं, "अकोल्याची टॅक्सी?" "ते तं कवाचीच गेली, काका." ज्या माणसानं माझ्यासाठी तीस वर्षं स्टँडवर उन्हं खाल्ली, त्याच्यासाठी मला पाच मिनिटं उभं राहता आलं नाही. माझी मलाच लाज वाटली. बायकोला सांगितलं तर तिनं चहाही केला नाही.

संध्याकाळी सातला फोन वाजला. "पोचलो," साडू म्हणाले. "कुलूप काढलं. झाडलोट केली. सारं जागच्या जागी आहे." आवाज घरातल्या रिकाम्या खोलीतून येतो तसा घुमत होता. मी तोंड उघडलं, माफी मागणार होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "साडूभाऊ, एक सांगू काय? टॅक्सी निघाली तवा मी मांगं वयून पायलं. तुमी उभे होते. लिंबाखाली, पांढऱ्या सदऱ्यात. लई बरं वाटलं."

नाक्यावर उतरलो तेव्हा माझ्या अंगात तपकिरी स्वेटर होता. विमानात चढवलेला, दीड दिवस न काढलेला. समोर बायको उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हो साडूभाऊ," मी म्हणालो, "टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो."