खंडेनवमीला पुजलेली छर्ऱ्याची बंदूक

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या उदगीरच्या घरात मी सात वेळा जिना चढलो आणि उतरलो. वर काही काम नव्हतं, खालीही नव्हतं... नुसतं बसवत नव्हतं.

कारण सांगतो. दीड महिना आधी बिलोलीचा माझा मित्र दिगंबर दुकानात आला होता. कॉलेजला नांदेडात आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हापासून त्याच्या लेखी मी म्हणजे वरणभात. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तू तराजूच धर गड्या, बंदूक तुझं काम न्हाई!"

झोंबलं मला. रागात बोलून बसलो, "खंडेनवमीला येतो तुझ्या शेतात, माझी बंदूक घेऊन. तित्तर मारू." भांड्यांचं दुकान चालवणारा, अंड्याच्या वासानं तोंड फिरवणारा माणूस मी... आणि म्हणे तित्तर! पण बोललो ते बोललो.

मग एअर रायफलचं वेडच लागलं. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघायचं आणि मी गल्ल्यावर व्हिडिओ बघायचो... स्प्रिंगची घ्यावी की गॅसची? दस्ता लाकडी की प्लास्टिकचा? एक जण म्हणायचा हलकी घ्या, दुसरा म्हणायचा हलकी उसळते. बायको, सुनंदा, वैतागून म्हणाली, "मला बघायला आलात तर दहा मिनिटांत होकार दिलात. हिला महिना लावून राहिलात!"

शेवटी नांदेड गाठलं. दुकानातल्या म्हाताऱ्या सरदारजींनी चार रायफली पुढ्यात ठेवल्या. नळी खाली वाकवून छर्रा भरायचा असतो, पण पहिलीची नळी इतकी कडक की मला गुडघ्याचा आधार घ्यावा लागला. तिसरी बरी वाटली... मधल्या वजनाची, लाकडी दस्त्याची, खांद्याला नीट बसणारी.

"परसात डबे पाडायला ही पुरे," सरदारजी म्हणाले. "तित्तर-सशाच्या नादाला लागू नका साहेब, वनखात्याची केस होते." मग माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडं बघून हळूच विचारलं, "आणि मारलंच तर खाणार कोण?"

आधार कार्ड दाखवून रायफल घेतली. पण उदगीर येईपर्यंत एसटीत तेच डोक्यात... खाणार कोण?

खोटं कशाला बोलू, परसात मजा यायची. भिंतीपुढं वाळूची पोती रचली, त्यांवर रिकामे डबे मांडले. डबा टण्ण करून पडला की मी चक्क उडी मारायचो. पण डब्याच्या जागी पिसं डोळ्यासमोर आली की मी रायफल खाली ठेवायचो. जायचं धाडस नाही, नाही म्हणायचंही नाही... अख्खा आठवडा जेवण गोड लागलं नाही.

तर त्या सकाळी दिगंबरचा फोन आला, "निघालास का?" हो म्हणालो आणि रायफल आणायला गेलो, तर कपाट रिकामं! शोधत देवघरात आलो. पाटावर दुकानाचा तराजू, कात्री, विळी... आणि मधोमध माझी रायफल. दस्त्यावर विभूतीची तीन बोटं, नळीवर झेंडूचा हार.

शेजारी अव्वा बसली होती. अव्वा म्हणजे माझी आई, कर्नाटकाच्या हद्दीवरची माणसं आम्ही. म्हणाली, "पुजलेल्याला आज हात लावायचा नसतोय."

इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! लगेच दिगंबरला फोन लावला, "काय करू गड्या, अव्वानं पुजून टाकली. ऐकतच न्हाई." तो हसला, "मग उद्या ये की. उद्या उचलता येती." आणि मी गाढव... बरं म्हणालो!

अव्वानं सगळं ऐकलं होतं. "आज माझ्यामागं लपलास. उद्या कुणामागं लपणार हायस?"

फार लागलं ते. आठव्यांदा जिना चढलो, वरच्या पायरीवर जाऊन बसलो आणि परत फोन केला. "दिगंबर, मला मारायचं न्हाई. त्या दिवशी चिडून बोललो. मला ते करायचंच न्हाई."

तो म्हणाला, "मग बंदूक कशाला घेतली रे?" "डबे पाडायला," मी म्हणालो. फोन कट झाला. वाटलं, गेली... पंचवीस वर्षांची दोस्ती एका तित्तरापायी गेली.

दसऱ्याला दुपार कलताना दिगंबर दारात! हातात आपट्याची पानं. अव्वाच्या पाया पडला, तिला सोनं दिलं आणि मला म्हणाला, "कुठं हायत तुझे डबे?"

परसात गेलो. त्यानं छर्रा भरला, दस्ता खांद्याला लावला... तेवढ्यात एक होला, पारव्याच्या जातीचं पाखरू, येऊन डब्याच्या शेजारीच बसला. मान वाकडी करून आमच्याकडं बघू लागला.

दिगंबरनं आपणहून घोड्यावरचं बोट काढलं आणि नळी जमिनीकडं केली. होला उडून जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

मग त्यानं नेम धरला, आणि डबा साफ चुकवला. माझा मात्र पहिल्याच फटक्यात पडला, हे इथं मुद्दाम लिहितोय!

बंदूक निवडायला महिना गेला, 'न्हाई' म्हणायला दोन मिनिटं पुरली. हे मोबाईलवर टाकतोय, पण अव्वा मोबाईल बघत नाही, म्हणून सुनंदाला सांगितलंय, हे तिला मोठ्यानं वाचून दाखव... तिच्यामुळं सुटलो हे समोर बसून मला बोलायला जमणार नाही. त्या दिवसापासून जिना मी कामापुरताच चढतो.