चार जुलैचा धसका

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या छापखान्यात धोंडीराम शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. घरातली माणसं तिथी धरून चालत, हा तारीख धरून. तिथं छापल्या जाणाऱ्या दैनिकासाठी रोज पहिल्यांदा तीच जुळवायची ना! म्हणून बाप चार जुलैला गेला आणि पुढं एकोणीसशे सव्वीस साली थोरला भाऊ श्रीमंतही चार जुलैलाच, हे एकट्या त्यालाच ठाऊक.

एकतीस सालच्या जूनमध्ये शाळेच्या इतिहासाचं पुस्तक जुळवायला आलं. त्यात लिहिलेलं: अमेरिका स्वतंत्र झाली चार जुलैला. बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच तारखेला, ॲडम्स आणि जेफरसन हे दोन माजी अध्यक्ष वारले. पुढं पाच वर्षांनी तिसरे, मन्रो. तेही चार जुलैलाच. धोंडीरामच्या हातातला खिळा गळाला. आपल्या घरचेही दोन गेले, आणि श्रीमंतला यंदा पाच वर्षं होणार. मग तिसरा कोण? मीच की!

झालं! घास गिळवेना, डोळा लागेना. बायको तानाबाई करवादली, "अमेरिकेची मढी आपल्या दारात कशाला आनताय?" पण याच्या जिवाला दुसराच घोर होता. श्रीमंतच्या तेराव्याला त्यानं भर पंगतीत वैनीला, गोजाबाईला, म्हटलं होतं, "तूच खाल्लंस माझ्या भावाला! अंगात ताप आसताना गिरणीत धाडलंस." त्यानंतर तिच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. तो शब्द पोटात घेऊन मरायचं, याचीच त्याला खरी भीती वाटली.

चार तारखेला संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला तसा तो चाळीत तिच्या दारात जाऊन उभा राहिला. "वैनी, चुकलं माझं. आज मी जानार," म्हणत त्यानं सगळी अमेरिका सांगून टाकली.

गोजाबाईनं ऐकून घेतलं. "मरनार म्हनून आलासा व्हय, भावजी? सोताचं ओझं उतरायला? मी पाच वर्सं जितीच हुते की हितं!" आणि तिनं दार लावलं.

मेला नाही तो. कोंबडं आरवलं तेव्हा टक्क जागा होता. तानाबाईनं देवापुढं साखर ठेवली, हा मात्र घरात येरझाऱ्या घालत राहिला. काल मरणाचा आधार होता. आज कशाच्या जोरावर वैनीकडं जायचं? वहाणा घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेवटी स्वतःलाच शिवी हासडून निघाला.

रविवार होता. गोजाबाई दारात ज्वारी पाखडत बसलेली. तिनं मान वर केली. "आज कोन मेलं?"

"कुनी न्हाय," धोंडीराम म्हणाला. "तसाच आलोय."

तिनं सूप बाजूला सरकवलं आणि त्याला बसायला जागा केली.